भिंती रंगल्या, चुली विझल्या

गेल्या सप्टेंबरात मोतमाऊलीच्या जत्रेचे निमित्त साधून आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींनी वांद्र्याला जाण्याचा बेत आखला व आम्हांलाही बरोबर येण्याचा आग्रह केला. डोंगरी चढून माऊलीपुढे मेणबत्ती लावायची, हे तर ठरलेलेच होते. परंतु त्यांच्या टिपणात मेणबत्तीच्या खाली आणखी बऱ्याच गोष्टी होत्या. रणवार व चॅपल रोडच्या गल्ल्यांतील भिंतीचित्रे पाहायची, एका ठिकाणी कॉफी घ्यायची, दुसऱ्या ठिकाणी जपानी पद्धतीचा भात चाखायचा, हाताने घडवलेली मातीची भांडी आणि ठशांचे कापड विकणारी दुकाने धुंडाळायची, आणि संध्याकाळी एखाद्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून छायाचित्रे काढायची. आम्ही गेलो. पाहिले, खाल्ले, आणि मनात एक सल घेऊन परतलो.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर ह्या सहलीविषयी गप्पा निघाल्या. तेव्हा आमच्या समाजातील एक सुविद्य गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, "फादर, काही म्हणा, आपल्या पाखाड्यांना आता कुठे बरे दिवस आले! ज्या गल्ल्यांत पूर्वी कोणी पाऊल टाकीत नसे, तेथे आता अख्खी मुंबई जेवायला येते." जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत. आमचे स्पष्ट मत असे आहे की, बरे दिवस पाखाड्यांना आलेले नाहीत; ते पाखाड्यांच्या भिंतींना आलेले आहेत. भिंत आणि घर ह्यांतील फरक ज्या समाजाला कळेनासा झाला, त्याने आपल्या संस्कृतीच्या गौरवाच्या गोष्टी न केलेल्या बऱ्या.

गाव कसे होते?

वांद्रे हे काही कालपरवाचे ठिकाण नव्हे. १५३४ मध्ये वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी येथे समुद्रकाठी संत अँड्र्यूचे देऊळ बांधले. त्याच्या भोवतीने शेर्ली, माला, राजन, कांतवाडी, वरोडा, रणवार, बोरान, पाली, चुईम अशी लहान लहान खेडी होती. शेजारी चिंबईचा कोळीवाडा होता. भातशेती, ताडामाडांची झाडे, विहिरी आणि ओटीवर लाकडी कठडे असलेली कौलारू घरे असा ह्या मुलखाचा थाट होता. १८४५ मध्ये अवाबाई जमशेदजी ह्या पारशी बाईंच्या देणगीतून माहीमचा पूल-रस्ता झाला आणि हे बेट मुंबईला जोडले गेले. १८८७ मध्ये येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी आपली संघटना स्थापून 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. १८९६ मध्ये प्लेग आला. माणसे पटापट मरू लागली, तेव्हा पाखाडी-पाखाडीच्या तोंडाशी लोकांनी क्रूस उभारले. तेच क्रूस आज कॉफीच्या दुकानांपुढे उभे आहेत आणि येणारे-जाणारे त्यांना टेकून आपल्या मोटारीची वाट पाहतात.

ह्या गावात विविधता होती काय? होती, आणि ती नुसती शोभेची नव्हती. बाजार रोडवर मशीद होती, देवळे होती, कच्छी-गुजराती वाण्यांची दुकाने होती. मोतमाऊलीच्या डोंगरीवर चढणाऱ्या भाविकांसाठी बांधलेल्या पायऱ्यांना आजही बोमनजी ह्या पारशी घराण्याचे नाव आहे. पुढे गोव्याहून आणि मंगळूरहून आलेली कॅथलिक कुटुंबे येथे रुजली. ८ सप्टेंबरच्या पवित्र मारियेच्या जन्मसणानंतर आठवडाभर चालणाऱ्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे आणि पाळणे घेऊन डोंगरी चढणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आपल्या धर्माचे नसतात, हे प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक आहे. खाण्यापिण्याची आणि खरेदीची हौस तेथेही आहे. कडियोबोडियो, चणे, हलवा, खेळणी, फुगे! माणूस तेथे गिऱ्हाईक असतो, पण त्याआधी तो नवस फेडायला आलेले लेकरू असतो. कोणी श्रीमंत असो वा हमाल, रांग एकच असते.

हंडीतील शेजारी

ज्यांना विविधता म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, त्यांनी आपल्या आयांच्या बाटली मसाल्याकडे पाहावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात अंगणात मिरच्या पसरलेल्या असत. काश्मिरी मिरची, बेडगी मिरची, हळकुंडे, धणे, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर असे वीस-पंचवीसांहून अधिक जिन्नस एकेक करून चुलीवर भाजले जात. कांडायला बायका येत, त्या बहुधा आपल्या धर्माच्या नसत. दोघीतिघी समोरासमोर उभ्या राहून मुसळाचे घाव घालीत आणि त्या तालावर गाणी म्हणत. मसाला वस्त्रगाळ झाला, की तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरीत. बाटली काळपट रंगाची असल्याने आत ऊन पोहोचत नसे व मसाला वर्षभर टिकत असे. नावही त्यावरूनच पडले.

आता त्या मसाल्यात पडणारे कालवण पाहा. मासळी चिंबईच्या कोळणीची. मटण मुसलमान खाटकाचे. डाळ-तांदूळ वाण्याचे. लग्नातल्या फुग्यांचे पीठ फुगवायला लागणारी ताडी भंडाऱ्याच्या झाडावरची. पाव गोव्याच्या पोदेराचा. उंबराचे पाणी आणायला निघालेल्या मिरवणुकीपुढे वाजणारा बँड आणखी कोणाचा. घरची बाई फुग्या तळीत असे, पण त्या एका कढईत पाच-सहा जातिधर्मांचे हात लागलेले असत. आणि हे सारे लोक चालत जाण्याच्या अंतरावर राहत. बाई मेली, तर खाटीकही दुकान लावून अंत्ययात्रेस येई. ह्याला आम्ही विविधता म्हणतो. पानात पदार्थ एकाच पद्धतीचे असतील, पण त्यांच्या मागे माणसे अनेक तऱ्हेची होती.

आज उलटे झाले आहे. एकाच गल्लीत जपानचे, कोरियाचे, इटलीचे आणि मेक्सिकोचे पदार्थ मिळतात. भोजनपत्रिका वाचली, तर भूगोलाचा तास चालू आहे असे वाटावे. परंतु मेजांभोवती बसलेल्यांकडे नजर टाका. पोशाख एक, भाषा एक, खिसा एक. पूर्वी दहा जातींच्या हातांनी एक हंडी शिजत असे. आता दहा देशांची हंडी एकच वर्ग खातो. आणि ह्यालाच वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या 'बहुरंगी वस्ती' म्हणून नावाजतात!

आमचा राग नव्या खाण्यावर आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या मिरचीवाचून आपला इंद्याल होत नाही, ती मिरचीच मुळात अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांनी आणली. बटाटा तिकडचा, काजू तिकडचा, पावही त्यांनीच शिकवलेला. परक्याचा पदार्थ आपल्या चुलीवर चढवून आपला करून घेणे ही तर आपल्या समाजाची मिरास आहे. जपानी भात वाईट नव्हता. मुलांनी तो चाटूनपुसून खाल्ला. आमचा आक्षेप पदार्थाला नाही. चूल कोणाची आणि ती पेटवणारा रात्री झोपायला कोठे जातो, हे आम्ही विचारतो आहोत.

चित्रांना दोष देऊ नका

आपल्यातील काही धर्माभिमानी मंडळींचा रोख मात्र भलतीकडेच आहे. क्रुसापासून हाकेच्या अंतरावर सिनेमातील नट्यांची चित्रे काढतात, हा आपल्या श्रद्धेचा उपमर्द आहे, अशी त्यांची तक्रार. ही चित्रे पुसावीत म्हणून सह्या गोळा करण्याची भाषाही आम्ही ऐकली आहे. त्यांना आमचे सांगणे आहे की, जरा थांबा आणि चित्र नीट पाहा. २०१२ पासून रणजित दहिया ह्या चित्रकाराने 'बॉलिवुड आर्ट प्रोजेक्ट' ह्या उपक्रमातून वांद्र्याच्या भिंती रंगविल्या. चॅपल रोडवरील अनारकली त्यांचीच. रेक्लमेशनजवळच्या महानगर टेलिफोनच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके ह्यांचे भव्य चित्र साकारले, त्यामागेही तेच होते. हा गृहस्थ हरियाणातून आलेला. एके काळी भिंतींना चुना लावण्याचे काम केलेला. ज्या शहरात कष्टकऱ्याच्या हातची कला श्रीमंतांच्या दिवाणखान्याबाहेर, वाटसरूला फुकट पाहायला मिळते, त्या शहराविषयी धर्मगुरूने कृतज्ञच असले पाहिजे. आपल्या देवळांतील काचचित्रे आणि वेदीवरचे कोरीवकाम तरी कशासाठी होते? ज्याला वाचता येत नाही, त्यालाही पाहता यावे म्हणूनच ना?

तेव्हा भिंतीवरची अनारकली आपली वैरीण नव्हे. खरा प्रश्न हा की, त्या भिंतीच्या पलीकडे आता कोण राहते? चित्रापुढे उभे राहून हसणारी मुले-मुली आम्ही पाहिली. पण त्या घराच्या खिडकीत सायंकाळच्या जपमाळेचा सूर उमटला नाही. चित्रे पुसण्यासाठी सह्या गोळा करणाऱ्या मंडळींनी पाखाडीतील किती घरे विकली जाऊ नयेत म्हणून सह्या गोळा केल्या, ते सांगावे.

पिण्याविषयीही दोन शब्द

खाण्याबरोबर पिणे आले. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, आणि त्यानंतरच्या काळात ह्या गल्ल्यांतील किती तरी ख्रिस्ती विधवांनी परसदारी हातभट्टी लावून मुलांची शिक्षणे केली, हे उघड गुपित आहे. सारे शहर त्यांना 'आंटी' म्हणून ओळखे. सिनेमावाल्यांनी त्यांची टवाळी केली, पोलिसांनी हप्ते घेतले, आणि आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनपीठावरून त्यांना खडसावले. दारूने संसार कसे धुळीस मिळतात, हे आम्ही कबुलीजबाबाच्या आसनात बसून वर्षानुवर्षे ऐकले आहे. म्हणून त्या धंद्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु आज त्याच गल्लीत, मोहाच्या त्याच अर्काला नक्षीदार पेला आणि 'वारसा' हे भारदस्त नाव मिळाले आहे. लग्नाच्या आदल्या रात्री पाहुण्यांना द्यायच्या आपल्या खिमाडाचीही चौकशी आता होऊ लागली आहे. आंटीच्या माथी बदनामी आली. वारशाचा नफा भलत्याच्या गल्ल्यात गेला. ज्यांनी तिची लाज बाळगली, त्यांनीच आता तिच्या नावाचा अभिमान मिरवावा, ह्यातील ढोंग तरी आपण ओळखू या.

तीन सबबी

ह्या विषयावर आपल्या लोकांशी बोलू लागले की तीन सबबी ऐकू येतात.

पहिली सबब: "हे सारे परक्यांनी केले." असत्य! परक्याने आपले घर बळकावले अशी उदाहरणे असतील. पण बहुतेक घरे आपण आपल्या हाताने, आपल्या सहीने आणि पेढे वाटून विकली आहेत. भावाभावांत वाटणी जमेना, म्हणून विकली. एक बहीण कॅनडात, एक भाऊ आखातात. कौले बदलायची कोणी, म्हणून विकली. एसावाची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. रानातून भुकेला आलेला थोरला भाऊ मसुरीच्या आमटीच्या वाडग्यासाठी जन्महक्क देऊन बसला. त्याला आपण मूर्ख म्हणतो. निदान तो भुकेला तरी होता!

दुसरी सबब: "दुसरा मार्गच नव्हता." हीत अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. १९९९ च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फारसे पालटले नाही. चार खोल्यांचे भाडे इतके थोडके की त्यात एका तुळईचीही डागडुजी होऊ नये. मालक नावाचाच श्रीमंत. पावसाळ्यात त्याच्याच बिछान्यावर गळती. त्यातच २००९ मध्ये सागरी सेतू झाला आणि दक्षिण मुंबई मोटारीने काही मिनिटांवर आली. जमिनीचे भाव पाखाडीतल्या माणसाच्या कल्पनेपलीकडे गेले. अशा वेळी एकट्या कुटुंबाने तग धरावा, ही अपेक्षा क्रूर आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आम्ही विचारतो की ते कुटुंब एकटे का पडले? आपल्याच पूर्वजांनी वसईत १९१८ मध्ये बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची मुहूर्तमेढ रोवली, ती शेतकरी सावकाराच्या दारी एकटा पडू नये म्हणून. वांद्र्यातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅथलिकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारल्या. खिशात चार आणे नसताना ज्यांना एकत्र येणे सुचले, त्यांच्या पदवीधर नातवंडांना ते सुचू नये?

तिसरी सबब: "काळाचा महिमा आहे, फादर." ही सर्वांत आळशी सबब होय. काळ दस्तऐवजावर सही करीत नाही, माणूस करतो. जुन्या करारातील नाबोथाकडे पाहा. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने दाम देऊ केला, याहून चांगला मळा देऊ केला. नाबोथ म्हणाला, हे वाडवडिलांचे वतन आहे, देणार नाही. त्यापायी त्याचा जीव गेला. आम्ही कोणाला जीव द्यायला सांगत नाही. परंतु भाजीच्या मळ्यासाठी वतन मागणाऱ्या राजाला नकार देणारा एक साधा माणूस पवित्र शास्त्राने अजरामर करून ठेवला आहे, तो काही उगीच नव्हे.

आमचा कबुलीजबाब

येथवर वाचून कोणी म्हणेल, फादर, उपदेश सोपा आहे. म्हणून आमचीही चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी, आम्ही तरुणपणी सेवा केलेल्या वांद्र्यातील एक विधवा आमच्याकडे सल्ल्याला आली. दोन खोल्या, एक ओटी, मागे न्हाणीघर. मुलगा परदेशी, दिरांचा विकण्याचा तगादा. ती म्हणाली, "फादर, विकू का? तुम्ही सांगाल तसं करते." आम्ही अर्ध्या तासात उत्तर देऊन मोकळे झालो, कारण पुढे एक लग्नविधी होता. आम्ही म्हणालो, "बाय, विकून टाक. म्हातारपणी कटकट नको." तिने विकले. वाटणीला आलेल्या पैशांत वसई रोडला तिसऱ्या मजल्यावर एक घर घेतले. जिना चढवेना म्हणून ती खाली उतरेनाशी झाली. ती वारली, तेव्हा तिला पोहोचवायला आम्ही धरून अकरा जण होतो. पाखाडीत असती, तर गल्ली माणसांनी भरून गेली असती.

गेल्या सप्टेंबरात मुलांनी आम्हांला ज्या उपाहारगृहात नेले, तेथे पायरी चढताच आमच्या पायांना ती पायरी ओळखीची वाटली. ते तिचेच घर होते. जेथे तिची चूल होती, तेथे कॉफीचे यंत्र होते. भिंतीतील माऊलीची देवळी मालकाने मोठ्या आस्थेने राखली होती; तिच्यात निवडुंगाची एक सुबक कुंडी ठेवलेली होती. मुलांनी तिचे छायाचित्र काढले. "फादर, किती छान जपलंय ना?" एकीने विचारले. आम्ही हो म्हणालो. त्या मालकावर आम्ही रागावावे कसे? विकायचा सल्ला आमचा होता. त्याने बिचाऱ्याने देवळी बुजवली तरी नाही.

कॉफी आणून देणाऱ्या पोऱ्याने आमचा पांढरा झगा पाहून हळूच "प्रेज द लॉर्ड, फादर" म्हटले. तो झारखंडचा, गुमला जिल्ह्यातील उरांव आदिवासी, बाप्तिस्मा झालेला कॅथलिक. आत भांडी घासणारे दोघे त्याच्याच गावचे. भात शिजवणारा मणिपूरचा. आम्ही विचारले, "मिस्साला कोठे जातोस?" तो ओशाळला. रात्री एक वाजता सुटी होते आणि रविवारी गर्दी असते म्हणून रजा मिळत नाही. "राहतोस कोठे?" तो म्हणाला, "नालासोपारा. आठ जण एका खोलीत." आमच्या देवळापासून चार किलोमीटरवर! वांद्र्याच्या ज्या विविधतेचे कौतुक करायला आम्ही रेल्वेने गेलो होतो, ती रोज रात्री आमच्याच दाराशी झोपायला येते, आणि तिचे नाव आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाही.

येथे आम्हांला संत पौलाने करिंथच्या मंडळीची केलेली खरडपट्टी आठवली. प्रभूभोजनासाठी ते एकत्र जमत, पण ज्यांच्यापाशी होते ते आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना सांगितले की ह्याला प्रभूभोजन म्हणता येत नाही. मेज सुंदर होते की नाही, अन्न चविष्ट होते की नाही, हे त्याने विचारले नाही. मेजावर कोणाला जागा नव्हती, तेवढेच त्याने पाहिले. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' ह्या परिपत्रकात शेजाराविषयी लिहिले आहे, तेही ह्याच अर्थाचे आहे. काही वस्त्यांत माणसाला शेजाऱ्याची साथ करणे हे आपले कर्तव्य आहे असे आपसूक वाटते. ते वाटणे हीच त्या वस्तीची दौलत. ती दौलत भिंतीवर रंगवता येत नाही आणि भोजनपत्रिकेत छापता येत नाही.

मग करायचे काय?

आम्ही तरुणांना वांद्र्याला जाऊ नका असे सांगणार नाही. जा, चित्रे पाहा, खा. हिल रोडवरच्या जुन्या बेकऱ्यांतले पॅटिस खा, बाजार रोडवर भाजी घ्या, चिंबईची मासळी घ्या. ज्या दुकानात शेजारपाजारचा माणूस रोजच्या गरजेला येतो, तेथे आधी खर्च करा. आणि जेथे खाल, तेथे शिजवणाऱ्याचे नाव विचारा. तो कोठे राहतो ते विचारा. इतके केलेत, तरी ती सहल तीर्थयात्रा होईल.

घरमालकांना आमची विनवणी आहे. पैशाची निकड असेल, तर ओटीची खोली दुकानाला भाड्याने द्या, पण वरच्या मजल्यावर तुमची चूल राहू द्या. ज्या घरात दुकानही आहे आणि बिऱ्हाडही, ते घर अजून पाखाडीचेच आहे. आणि विकण्यापूर्वी आपल्या समाजात एकदा विचारा. दुरुस्तीसाठी अल्प व्याजाने कर्ज देणारा निधी आपल्या पतसंस्थांनी का उभारू नये? लग्नाच्या एका रात्रीच्या रोषणाईला कर्ज मिळते आणि बापजाद्यांच्या छपराला मिळत नाही, ही स्थिती आपणच पालटायची आहे.

आपल्या भगिनींनाही सांगणे आहे. बाटली मसाला, फुग्या, लोणवास, इंद्याल ह्यांना आज मागणी आहे. त्या मागणीला केवळ मोठे भांडवलवालेच का पुरे पडावेत? धर्मग्रामाच्या स्वयंपाकघराला सणावाराखेरीज कुलूप असते. ते उघडून पाच-दहा जणींनी मिळून काम केले, तर आजीची पाककृतीही टिकेल आणि नातीची फीही भरली जाईल. पण कांडायला येणाऱ्या बाईला योग्य मजुरी द्या. नाहीतर आपणही वारशाचे व्यापारीच ठरू.

आणि शेवटी आम्हां धर्मगुरूंविषयी. देवळाचे पटांगण आणि सभागृह अधिक भाडे देणाऱ्यास देण्याची सवय आम्हांला लागली आहे, ती सोडली पाहिजे. विधवेला अर्ध्या तासात सल्ला देण्याचीही. ह्या महिन्यापासून आमच्या देवळात मंगळवारी दुपारी १२ वाजता हिंदी मिस्सा सुरू केली आहे. उपाहारगृहांत राबणाऱ्या बऱ्याच मुलांना तोच एक मोकळा वेळ असतो. पहिल्या मंगळवारी चौघे आले, दुसऱ्या मंगळवारी नऊ. मिस्सानंतर त्यांना जेवण द्यावे असा विचार आहे. रोज दुसऱ्यांना वाढणाऱ्यांना एक दिवस कोणी तरी वाढले पाहिजे. भात आणि कालवण पुरे. ज्या घरांतून एखादे पातेले येऊ शकेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

आमच्या त्या सुविद्य मित्राचे नाव यादीत सर्वांत वर लिहून ठेवले आहे. पाखाडीला बरे दिवस आले आहेत, असे ते म्हणतात. पहिले पातेले त्यांनीच आणावे.